सेवेचा भाव

‘सेवा’ हा शब्द आपल्या समाजाला कुणाकडून शिकावा लागला नाही. मनूने शूद्राला एकच काम नेमून दिले : वरच्या तिन्ही वर्णांची सेवा, आणि तीही कुरकुर न करता. जे त्याच्याही खाली, त्यांचा हिशेब गावगाड्याने केला. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात येसकर होते. वेशीवर रात्रीचा पहारा, चावडीचा सांगावा, कुणी मेले तर मयताची बातमी घेऊन उन्हातान्हात चार गावे चालणे, मेलेले ढोर ओढणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळणे. याचे मोल काय? खळ्यावरचे बलुते, दारोदार मागून आणलेली भाकरी आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा. तोही भाऊबंदांत वाटून वाटून बैल वळवायला जागा न उरलेला. सेवा होती, भाव नव्हता. आणि भाव नव्हता म्हणून ‘नाही’ म्हणायची सोयही नव्हती.

परमपूज्य बाबासाहेबांनी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याला जमिनीचा सारा भरून मोकळे होता यावे, हा त्याचा गाभा. ते बिल पास झाले नाही. शेवटी ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली, तेव्हा बाबासाहेब आपल्यात नव्हते.

हे जुने आज काढायचे कारण माझी भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. नर्सिंगचा कोर्स करून कल्याणच्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या करते आणि आता जर्मनीला जायची तयारी करते आहे. तिची ती फाईल मी वाचायला घेतली आणि त्या निमित्ताने जगाच्या सेवा-व्यापाराचा करारही वाचून काढला. माझी आई पालिकेच्या रुग्णालयात आया होती. त्याच रुग्णालयात मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काढली. म्हणजे येसकर, आया, नर्स आणि आता परदेशी जाणारी नर्स! पिढ्या बदलल्या, पण घराण्याचा धंदा सेवेचाच. तेव्हा ज्या करारात सेवेची खरेदी-विक्री होते, त्यात सेवा करणाऱ्या माणसाचा भाव काय लावला आहे, हे आपण बघायला नको का?

१९९१ च्या डिसेंबरात डंकेल साहेबांचा मसुदा आला तेव्हाचे मला चांगले आठवते. आमच्या युनियनच्या सभांत बी-बियाण्यांवर भाषणे झाली, औषधांच्या पेटंटवर झाली. औषधे महागणार हे आम्हा दवाखान्यातल्या बायकांना लगेच कळले. पण त्याच बाडात सेवांच्या व्यापाराचा एक वेगळा करार होता, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. खरे तर भांडण तिथेच जुने होते. १९८६ साली उरुग्वे देशात या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा श्रीमंत देशांनी हट्ट धरला की कापड, पोलाद, गहू यांच्याबरोबर बँका, विमा, टेलिफोन, जहाजवाहतूक हेही व्यापाराच्या टेबलावर घ्या. भारत आणि ब्राझील यांनी इतर काही गरीब देशांना बरोबर घेऊन विरोध केला. आमच्या बँका, आमचा विमा अजून रांगता आहे, तुमच्या पैलवानापुढे तो कसा टिकेल, हे त्यांचे म्हणणे. विरोध फार काळ टिकला नाही. मग विकसनशील देशांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो मला फार पटतो. तुमचे भांडवल आमच्याकडे येणार असेल, तर आमचे श्रम तुमच्याकडे का येऊ नयेत? तुमच्याकडे पैसा जास्त आहे, आमच्याकडे हात जास्त आहेत. देवाणघेवाण करायची तर दोन्ही बाजूंनी करा!

एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. सेवेचा व्यापार चार वाटांनी होतो असे तो करार सांगतो. शब्द बोजड आहेत, गोष्ट सोपी आहे. वाशीत किंवा पुण्यात बसून एखादी मुलगी रात्रभर अमेरिकेतल्या माणसाचे फोन घेते; ती इथेच राहते, तिची सेवा तेवढी समुद्रापार जाते. ही पहिली वाट. दुसऱ्या वाटेत गिऱ्हाईक स्वतः चालत येते. आखातातला किंवा आफ्रिकेतला रुग्ण मुंबईत येऊन शस्त्रक्रिया करून घेतो, तो याच वाटेने. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, पण १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेही या कराराच्या भाषेत सेवेची आयातच! अशी आयात देशाला पुन्हा कधी इतकी फळली असेल असे वाटत नाही.

तिसरी वाट म्हणजे कंपनीच परक्या देशात दुकान थाटते. श्रीमंत देशांचा सगळा जीव या वाटेत. आपल्याकडे विम्याचे दार १९९९ च्या कायद्याने परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांपर्यंत उघडले, २०१५ साली ४९ टक्के झाले, २०२१ साली ७४ टक्के. एकेक फळी निघत गेली. यात आपल्या समाजाचे एक जास्तीचे दुखणे आहे, ते वर्तमानपत्रांतल्या अर्थपंडितांना दिसत नाही. बँक, विमा, टेलिफोन ही सरकारी खाती होती, तिथे राखीव जागा होत्या. आपल्या किती घरांत त्या एका नोकरीने चाळीतल्या खोलीतून ब्लॉकमध्ये नेले! खासगी कंपनीला आरक्षण लागू नाही, मग ती देशी असो की परदेशी. सेवा वाढल्या, नोकऱ्याही वाढल्या, पण घटनेने हातात दिलेली ती शिडी त्या नव्या इमारतींना लावता येत नाही.

आणि चौथी वाट : माणूस स्वतः जाऊन सेवा देतो. माझी भाची याच वाटेने जाणार. गरीब देशांकडे विकायला आहे काय? नर्स, वेल्डर, खलाशी, स्वयंपाकी, ड्रायव्हर. म्हणजे आपली खरी वाट हीच. करारात तिचा उल्लेख पाहून मला आधी बरे वाटले. मग पुढे एक जोडपत्र आहे ते वाचले. त्यात स्वच्छ म्हटले आहे की, परक्या देशात जे नोकरी शोधायला येतात त्यांना हा करार लागू नाही. कायमची नोकरी, कायमचे वास्तव्य, नागरिकत्व, यांनाही नाही. मग लागू कुणाला? श्रीमंत देशांनी जी आश्वासने लिहून दिली ती पाहिली, तर बहुतेक सगळी कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी, अधिकाऱ्यांसाठी आणि खास तज्ज्ञांसाठी. म्हणजे तिसऱ्या वाटेने जी कंपनी जाईल, तिचा साहेब तिच्यामागे चौथ्या वाटेने जाऊ शकेल. कपाळाचा घाम गाळणाऱ्याला दार बंद!

मी हे भाचीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मावशी, मग मी कुठल्या कायद्याने चाललेय?” प्रश्न बरोबर होता. ती जागतिक कराराने जातच नाही. ती जाते त्या देशाला आज गरज आहे म्हणून. त्या देशाची मर्जी आहे तोवर.

मर्जीचा भरवसा किती, ते इंग्लंडकडे बघून कळते. करोनाच्या काळात तिथल्या नर्सेससाठी आणि म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांसाठी लोकांनी दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या. माणसे कमी पडली म्हणून या सेविकांना व्हिजा खुला झाला. हजारो बायका गेल्या, त्यात भारतातल्याही. मार्च २०२४ मध्ये नियम आला, नवीन येणाऱ्या सेविकेने नवरा-मुलांना आणायचे नाही. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी सेविका घेणेच बंद झाले. त्याच जुलै महिन्यात भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या, आणि त्यात वर्षाला १८०० पर्यंत जागा कुणासाठी? स्वयंपाकी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतवाले! आचाऱ्यांचे कौतुकच आहे, ते कष्टाचे काम आहे. पण म्हाताऱ्याची अंथरुणातली घाण काढणारी नको आणि योगासने शिकवणारा हवा, हा हिशेब वाचून मला आपला गावगाडाच आठवला.

अमेरिकेची तऱ्हा तीच. कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हिजाची फी वाढवली म्हणून भारताने २०१६ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी व्हिजासाठी एक लाख डॉलरची फी जाहीर केली. शिकलेल्या इंजिनीयरची ही गत, तर वेल्डरला कोण विचारतो?

वेल्डर म्हणजे माझा धाकटा भाऊ. १९९७ साली तो आखातात गेला. एजंटने मुंबईत कागद दाखवला, त्यावर वेल्डर लिहिलेले, पगार चांगला, जेवणखाण-राहणे फुकट. त्यासाठी एजंटने जी रक्कम मागितली ती उभी करायला वहिनीचे दागिने सावकाराकडे गेले. (पावती? पावती कसली!) तिकडे विमानतळावर उतरताच पासपोर्ट काढून घेतला आणि दुसऱ्या कागदावर सही घेतली. तो अरबीत. काम हेल्परचे, पगार कबूल केल्याच्या निम्म्याच्या आसपास. एका खोलीत बारा जण. काम सोडायचे तर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरे धरता येत नाही आणि परत यायचे तर पासपोर्ट हाती नाही. त्याने पत्रात एकच ओळ लिहिली होती : “ताई, आजोबांना निदान गाव सोडून पळून जाता आले असते.” सावकाराचे देणे फिटेपर्यंत तो तिथे राहिला, आणि फिटल्याच्या दुसऱ्या महिन्यात परत आला. आता त्याचे स्वतःचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. त्या दिवसांबद्दल तो बोलत नाही.

वर्षावासात आमच्या विहारात भन्तेजींनी उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांवर प्रवचन दिले. शस्त्रांचा व्यापार, मांसाचा, मद्याचा, विषाचा. आणि पाचवा ‘सत्तवणिज्जा’, म्हणजे जिवंत जिवांचा व्यापार. त्यात माणूसही आलाच. सगळ्या महिला मंडळाला दारूचा मुद्दा लगेच पटला, घरोघरचा अनुभव! माझे मन मात्र त्या पाचव्या शब्दावर थांबले. तथागतांनी व्यापाराला वाईट म्हटलेले नाही. त्यांचे पहिले दोन उपासक, तपुस्स आणि भल्लिक, व्यापारीच होते. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यात परदेशी यवनसुद्धा आहेत. तेव्हा माझ्या भावाने आपले वेल्डिंग समुद्रापार जाऊन विकले यात कमीपणा काहीच नाही. पण पासपोर्ट काढून घेतला, सही अरबीत घेतली, परतीची वाट अडवली, तिथे वेल्डिंगची विक्री संपली आणि वेल्डरची सुरू झाली. सेवा विकणे वेगळे, सेवकच विकला जाणे वेगळे. मधली रेघ बारीक आहे, आणि ती कागदावर असते. म्हणून कागद वाचायचा.

या रेघेसाठी इतर गरीब देशांनी काय केले, तेही पाहावे. फिलिपिन्स हा छोटा देश. तिथल्या लाखो बायका घरकामाला आणि नर्सिंगला परदेशी जातात. जागतिक व्यापार संघटना सुरू झाली त्याच १९९५ साली, मार्च महिन्यात, सिंगापूरने फ्लोर कॉन्टेम्प्लासियॉन नावाच्या फिलिपिनो मोलकरणीला खुनाच्या आरोपावरून फाशी दिली. ती निर्दोष आहे असे तिच्या देशातल्या असंख्य लोकांचे मत होते. लोक रस्त्यावर आले, सरकार हादरले, आणि तीन महिन्यांच्या आत परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला. एका मोलकरणीसाठी देश पेटून उठतो, हे वाचताना मला हेवा वाटला. आपल्याकडे १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले. शवपेट्या विमानाने आल्या, बातम्या झाल्या, आठवड्याभरात विषय बदलला.

आणि हीच माणसे देश चालवतात! परदेशातल्या भारतीयांनी २०२२ साली घरी पाठवलेला पैसा शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला. जगात इतका पैसा मिळवणारा आपला पहिला देश. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत या पैशातला सर्वांत मोठा वाटा, साडेवीस टक्के, महाराष्ट्राचा होता, केरळचा त्याखालोखाल. त्यातला केवढा अमेरिकेतल्या इंजिनीयरचा आणि केवढा मस्कतच्या गवंड्याचा हे आकड्यात दिसत नाही. पण पैसे पाठवण्याचा खर्च गवंड्यालाच जास्त टोचतो, कारण तो थोडे थोडे पाठवतो. हा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणू असे जगातल्या देशांनी संयुक्त राष्ट्रांत ठरवले आहे. जगाची सरासरी अजून त्याच्या दुपटीच्या घरात आहे.

भाचीची गोष्ट भावापेक्षा बरी आहे, हे सांगितलेच पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात माणसांच्या येण्याजाण्याचा करार झाला. २०२४ च्या सुरुवातीला आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. जागतिक करारात नसलेली वाट अशी दोन सरकारांत का होईना, काढता येते. पण तिथेही फट आहेच. आपली नर्सिंगची पदविका तिकडे आपोआप चालत नाही. कागद तपासतात, कमी काय ते सांगतात, मग परीक्षा किंवा जादा प्रशिक्षण. तोवर अनेक जणींना नर्स म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून ठेवतात, आणि पगारही मदतनिसाचा.

माझी आई आया होती. तिच्या कामाला मी कधी हलके म्हटले नाही आणि म्हणू देणार नाही. पण शिकलेल्या नर्सकडून नर्सचे काम घ्यायचे आणि पगार आयाचा द्यायचा, ही बचत कुणाची? मी भाचीला म्हटले, “हे विचार. लाजू नकोस.”

“मावशी, विचारलं तर ते मलाच गाळतील.”

“गाळलं तर कळेल की कसले लोक होते ते. दुसरीकडे अर्ज कर. तुला वतन नाही गं लावलेलं!”

आमच्या विहाराच्या फळ्यावर आता आम्ही काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. वाचकांनीही आपल्या वस्तीत लिहाव्यात. एजंट सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट यंत्रणेवर बघता येते. नोंदणी नसलेल्याला एक रुपया देऊ नये. नोंदलेल्या एजंटलाही सेवाशुल्काची मर्यादा आहे, ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. त्यावर मागितले तर ते बेकायदा. पैसे बँकेतून द्यावेत, पावती घ्यावी. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर आखातासारख्या अठरा देशांसाठी सरकारी मंजुरी लागते. ‘फिरायच्या व्हिजावर चला, तिकडे बघू’ म्हणणारा एजंट ती मंजुरीच चुकवत असतो आणि मग विम्याचेही संरक्षण जाते. कराराची प्रत घरी ठेवावी, आणि ती आपल्याला कळेल अशा भाषेत समजावून घ्यावी. नर्सेसना आखातात पाठवण्यासाठी २०१५ साली सरकारने खासगी एजंट बाजूला ठेवून सरकारी संस्थांमार्फतच भरतीचा नियम केला, तो उगीच नाही. त्याआधी नर्सच्या एकेका जागेसाठी लाखांनी बोली लागत असे.

भाचीने शेवटी प्रश्न विचारला. तिकडच्या रुग्णालयाच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणे होते, मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. मला जर्मन कळत नाही, पण तिचा आवाज थरथरला नाही एवढे कळले. मान्यता मिळेपर्यंतचा पगार किती, किती महिने, आणि परीक्षा एकदा नापास झाले तर दुसऱ्यांदा बसता येईल का, असे तीन प्रश्न. बाईंनी लेखी उत्तर पाठवते म्हणून सांगितले. दोन प्रश्नांची उत्तरे आली आहेत आणि ती समाधानकारक आहेत. पगाराच्या उत्तराची आम्ही वाट बघतो आहोत. तोवर ती रात्रपाळीहून आली की तासभर ओट्याशी उभी राहून जर्मन शब्द मोठ्याने म्हणते, आणि तिची आई भाकरी थापता थापता तिच्यामागून तेच म्हणते.